वुनिडिलोचा भाचा

सोमवार, ३ फेब्रुवारी

राजीनामा मंजूर झाला. नारायण साहेबांनी स्वतः शीतगृहात येऊन सांगितलं. सतरा वर्षांत ते तिसऱ्यांदा आत आले असतील, त्यांना थंडी सोसत नाही. कुणाचा तरी कोट अंगावर, नाक लाल.

"वरून सही आली, साकियुसा. अठ्ठावीस तारीख शेवटची. आता तरी सांग, तिकडे माणसं किती?"

"माझ्यासकट पाच."

"आपल्या कॅन्टीनमध्ये नुसती भांडी घासायला सात आहेत."

मी हसलो, ते हसले नाहीत. म्हणाले, "मेव्हण्याच्या हाताखाली जातोयस. मी सख्ख्या भावाबरोबर लाउतोकाला दुकान काढलं होतं. आता आम्ही दिवाळीलाही बोलत नाही."

मी म्हटलं, "तुमच्यात तसं होत असेल, साहेब. वाइसाले माझा तवाले आहे. मेव्हण्या-मेव्हण्यात आमच्याकडे थट्टा होते, भांडण होत नाही."

"तेच तर," साहेब म्हणाले आणि बाहेर पडले. त्यांना काय म्हणायचं होतं ते विचारायला हवं होतं, पण दार उघडं राहिलं होतं आणि आतलं तापमान चढत होतं.

का जातोय, ते इथे लिहून ठेवतो. सतरा वर्षं मी परदेशी जहाजांचे टूना गोठवले. आमच्या गावांतल्या होड्यांचे मासे मात्र सुवाच्या बाजारात पोचेपर्यंत डोळे पांढरे करतात. वाइसालेची कंपनी किनाऱ्यावरच्या गावांत सूर्यावर चालणारी बर्फाची यंत्रं बसवणार आहे. त्याला थंडी कळणारा माणूस हवा. सबंध सुवात तसा माणूस म्हणून त्यानं माझंच दार वाजवलं. इथे मी गेल्या सात वर्षांत एकही नवी गोष्ट केलेली नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

चर्चहून आल्यावर वाइसाले जेवायला आला. दारातूनच सुरू.

"काय रे टूनाच्या डब्या, सुटलास का एकदाचा?"

"सुटलो. तू तुझी कमरेची सुलू बघ. आंघोळ करून टॉवेलवर आल्यासारखा दिसतोयस."

लितियानं नारळाच्या दुधातला मासा आणि दालोचे उकडलेले कंद वाढले आणि आत निघून गेली. तिचा धाकटा भाऊ, पण वयात आल्यापासून ती त्याच्याशी समोरासमोर बोललेली नाही. चांगल्या घरच्या बहिणी बोलत नाहीत. वाइसाले दहाव्या वर्षी काकाकडे ब्रिस्बेनला गेला, दोन वर्षांपूर्वी परत आला, तरी तोही हा नियम पाळतो. लितिया म्हणते, सोयीचे नियम तो सगळे पाळतो.

तीनदा वाढून घेतल्यावर त्यानं माझ्या आईच्या गावाची चौकशी केली. वुनिडिलोत होड्या किती, झरा बारमाही आहे का, शब्द कुणाचा चालतो. मला बरं वाटलं. आई गेल्यापासून तिच्या गावाबद्दल मला कुणी विचारत नाही.

"तू तिथला वासू. बहिणीचा मुलगा. खरंच काहीही उचलून आणता येतं तुला?"

"छप्परसुद्धा. सहा वर्षांचा असताना एरोनी मामाच्या नव्या होडीकडे नुसतं बोट दाखवलं होतं. संध्याकाळी होडी आमच्या दारात. बाबा लाजेनं आठवडाभर घराबाहेर पडले नाहीत."

"आणि मामा?"

"मामा पोहत गेला मासे पकडायला."

दोघंही पोट धरून हसलो. हसता हसता तो फोनवर काहीतरी टिपून घेत होता. हिशोबी माणूस आहे, कामाचा विचार डोक्यातून जात नाही.

भांडी आवरताना लितिया म्हणाली, "त्याला नाही म्हणायला शीक."

"तवालेला नाही कसं म्हणायचं?"

"म्हणून तर सांगतेय."

"मग तूच सांग की त्याला."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी तिला भर चर्चमध्ये नाचायला सांगितलं होतं.

गुरुवार, ६ मार्च

टायरच्या दुकानावर एक खोली. पंखा एक, खिडक्या दोन, त्यांतली एक उघडत नाही. मी माझे मापक, नट आवळायचे पाने, जुन्या वह्या सगळं घेऊन गेलो होतो. यंत्र परदेशातून सीलबंद येतं आणि सील तोडलं तर हमी जाते, हे तिथे गेल्यावर कळलं. म्हटलं, ठीक आहे, बाहेरची पाण्याची जोडणी तरी आपल्या हातात आहे.

दुपारी ब्रिस्बेनच्या केरीन बाईंशी पडद्यावर बोलणं झालं. पैसा त्यांचा आहे. वाइसालेनं माझी ओळख मुख्य अभियंता म्हणून करून दिली. मी झऱ्याच्या पाण्याबद्दल तीन प्रश्न तयार ठेवले होते. बाईंनी एकच विचारला: "वासू म्हणजे नक्की काय?"

वाइसालेनं फार छान समजावलं. "ह्यानं मागितलं की गाव नाही म्हणत नाही. बैठक नाही, मुदत नाही. दुसऱ्या कंपन्यांना जिथे दोन वर्षं लागतात, तिथे आम्हाला एक सकाळ पुरते."

बाई म्हणाल्या, "विलक्षण."

खोटं कशाला लिहू, मला अभिमान वाटला. आईची आठवण आली.

शनिवार, २२ मार्च

वुनिडिलोला जाऊन आलो. धक्क्यापर्यंत बस, पुढे होडी.

यांगोनाच्या मुळांची जुडी वाइसालेनं आणली होती, चांगली जाड, वर्तमानपत्रात बांधलेली. गावात पाय ठेवला की आधी ती ठेवायची आणि कशाला आलो ते सांगायचं. होडीत मी त्याला म्हटलं, "तू पुढे बस. कंपनी तुझी, मागणं तुझं. मी तुझ्या वतीनं बोलतो."

"माझी भाषा ब्रिस्बेनची, तवाले. मानाचा एखादा शब्द चुकला तर मामा मला समुद्रात बुडवतील. तूच दे."

त्यात तथ्य होतं. मी दिली.

एरोनी मामांनी जुडीला हात लावला, म्हणजे ती स्वीकारली, टाळ्या वाजल्या. मामा थकलेत, पण आवाज तोच. मी यंत्राचं सांगितलं, किनाऱ्यावरची जागा मागितली, झऱ्याचं पाणी मागितलं. दाराजवळ बसलेल्या विलिमाइना मामी म्हणाल्या, "त्या जागेवर आम्ही बायका जाळी..." मामांनी हात वर केला. "भाचा मागतोय." बाहेरचा कुणी असता तर महिनाभर चर्चा चालली असती, बायकांनाही विचारलं असतं.

मग मामांनी एवढंच विचारलं, "हे यंत्र कुणाचं?"

वाइसाले माझ्याकडे बघत होता. कंपनी, भागीदार, ब्रिस्बेन हे सगळं मामांना कुठे सांगत बसायचं?

"माझंच समजा, मामा."

"मग झालं."

परतताना होडीत दालोची दोन पोती आणि एक जिवंत डुक्कर. वाइसाले म्हणाला, "तू काही मागितलंही नव्हतंस!" मी म्हटलं, "मागावं लागत नाही."

शुक्रवार, ११ एप्रिल

बर्फ पडला! सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी पहिली लादी. पोरांनी ती दगडावर आपटून फोडली आणि तोंडात कोंबली. मामांनी एक तुकडा हातात धरला, वितळेपर्यंत खाली ठेवला नाही. म्हणाले, "तुझी आई असायला हवी होती."

पाण्याची जोडणी मी स्वतः केली. झऱ्याच्या वाटेवर गाळणी बसवली, गावाच्या नळाला आधी पाणी, यंत्राला मग. सतरा वर्षांत असं समाधान नाही.

मंगळवार, ३ जून

वुनिडिलोच्या होड्या आता बाहेरच्या खडकांपर्यंत जातात आणि दोन दिवस राहतात. मासा बाजारात पोचतो तेव्हा कल्ले लाल असतात. सुवाच्या बाजारात मी स्वतः बोट लावून पाहिलं. विकणारी बाई ओरडली, "घ्यायचा नसेल तर गुदगुल्या करू नकोस त्याला!" दोन घरांनी मोठी इंजिनं घेतली आहेत.

ऑफिसात मात्र मला काम कमी. दुसऱ्या गावांची यादी मागितली तर वाइसाले म्हणतो, "होईल, होईल." आज हिशेब बघणाऱ्या मुलीच्या पडद्यावर केरीन बाईंना पाठवायची माहिती उघडी होती. सगळ्यांचे फोटो, खाली कामं. माझ्या फोटोखाली 'वुनिडिलोत प्रवेश' असं लिहिलं होतं. जुना मसुदा असणार. मी तिला दुरुस्त करायला सांगितलं. ती म्हणाली, "वाइसालेला विचारते हं," आणि पडदा बंद केला.

शुक्रवार, १८ जुलै

वुनिडिलोला दुसरं यंत्र का हवं, ह्यावर मी चार पानं लिहून दिली. वाइसालेनं चाळली, पाठीवर थाप मारली. "शाळेत निबंधाला बक्षीस मिळायचं वाटतं तुला?"

मग खिडकीतून खाली टायरवाल्याकडे बघत म्हणाला, "केरीनचं मन बदलतंय. गावांपेक्षा बेटांवरची हॉटेलं बरी, असं तिला वाटतं. बघू." मी म्हटलं, गावं दाखवून तर पैसा मिळाला. "हो, दाखवलं ना. दाखवून झालं."

जाताना दारात: "तवाले, तुझं नाव वापरू का एका कामाला?"

"वापर की. बायको वापरतोय तीही तुझ्याच घरची."

तो इतका हसला की टायरवाल्यानं वर पाहिलं. सरकारी अर्जाला लागत असेल नाव.

घरी लितियाला सांगितलं. ती हसली नाही. "कुठल्या कामाला, ते विचारलंस?" म्हणाली. आज तिचं डोकं दुखत होतं.

गुरुवार, ७ ऑगस्ट

मामींचा फोन आला. त्या म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मला खरं वाटणार नाही.

"पोचलं का रे व्यवस्थित?"

"काय, मामी?"

"यंत्र. काल ती मालाची बार्ज आली ना. माणसं म्हणाली, भाच्याला हवंय. तुझ्या मामांनी एका शब्दानं विचारलं नाही. चाळीस जण लागले उचलायला. गाणं म्हणत नेलं सगळ्यांनी. मोठ्या होड्या बाहेर होत्या, म्हणून आम्ही बायकांनीही खांदे दिले. तुझी ती गाळणी राहिली होती, मीच धावत जाऊन दिली. खलाशांना जेवू घातलं. मामा म्हणाले, भरतीच्या आत सोडा त्यांना, भाच्याला उशीर व्हायला नको."

मी वही ओढून लिहायला लागलो.

"होड्या आज सकाळी आल्या," त्या म्हणाल्या. "भरून आल्या. मासा फुकट गेला थोडा. थोडा म्हणजे बराच. ते जाऊ दे." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "खरं सांग साकियुसा, तुझ्यावर काही संकट आहे का? लितिया बरी आहे ना? उगाच नाही तू नेणार. आणखी काही लागलं तर मला कळव, मामांना मी सांगते."

मी म्हटलं, सगळं ठीक आहे, मामी.

सगळं ठीक आहे, म्हटलं.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

वाइसालेच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिलो. खोलीत सगळे होते.

"यंत्र परत पाठव. हॉटेलांसाठी दुसरं बघ."

"कुठलं? तुझं? मामांना तूच म्हणालास ना, माझंच समजा. मी बाजूलाच बसलो होतो."

"हरामखोरा, तू माझं नाव सांगून माझ्या आईच्या गावाला लुटलंस."

खोली हसायला लागली. हिशेबवाल्या मुलीनं तर तोंडावर हात धरला. तवाले तवालेला हरामखोर म्हणतो तेव्हा हसायचं असतं, सगळ्यांना लहानपणापासून माहीत आहे. मी टेबलावरचा पाण्याचा पेला भिंतीवर फेकला. अजून हसले.

"बघा, सतरा वर्षं थंडीत ठेवला होता, आता वितळतोय!" वाइसाले म्हणाला. त्याचेही डोळे हसत नव्हते, पण ते फक्त मला दिसत होतं. हळूच म्हणाला, "मी विचारलं होतं तुला. दारात. तू हो म्हणालास."

"तू सांगितलं नाहीस कशासाठी."

"तू विचारलं नाहीस. आणि चोरी कुणी केली? कुणाच्या अंगाला हात लावला? लोकांनी गाणी म्हणत दिलंय. तुझीच पद्धत आहे, तवाले. मी नाही बनवली."

माझे पाने आणि मापक पिशवीत भरून खाली आलो. पिशवी जड होती. टायरवाला म्हणाला, "सुट्टी का?"

मंगळवार, १२ ऑगस्ट

नारायण साहेबांना फोन केला. मी गेल्यावर माझी जागाच रद्द झाली. शीतगृह आता ऑकलंडहून पडद्यावर बघतात. साहेबांनी वुनिडिलोचं सगळं ऐकून घेतलं. टोमणा मारतील असं वाटलं होतं. म्हणाले, "मामाला खरं सांगितलंस?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतोयस?"

रविवार, १७ ऑगस्ट

चर्चला गेलो नाही. लितिया एकटी गेली. परत आल्यावर तिनं पेटी उघडली आणि आमच्या लग्नात तिच्या माहेरून आलेला तांबुआ माझ्यासमोर चटईवर ठेवला. देवमाशाचा तो दात इतक्या वर्षांत पिवळा पडलाय, दोरी मात्र घट्ट आहे.

"हा घेऊन मामांकडे जा. माफी माग."

"कशाची? भाच्यानं नेलं, त्यात गुन्हा नाही. गुन्हा नाही तर मामा माफी कसली देणार?"

"मग सांग की तू नेलं नाहीस."

"मग कुणी नेलं ते सांगावं लागेल. तुझ्या भावाचं नाव येईल. वुनिडिलोची पोरं तुझ्या माहेरच्या दारात उभी राहतील."

"राहू देत."

"तुझी आई आहे तिथे."

"माहीत आहे माझी आई कुठे आहे ते." तिनं सुलूच्या टोकानं तांबुआवरची धूळ पुसली. "फेब्रुवारीत मला त्याच्याशी बोलता येत नव्हतं, म्हणून मी तुझ्याशी बोलले. तू ऐकलं नाहीस. काल मी त्याला फोन केला."

आमच्या लग्नाच्या तेवीस वर्षांत तिनं भावाचं नावही त्याच्यासमोर घेतलेलं नाही.

"काय म्हणाला?"

"काही नाही. मी बोलतेय हे कळल्यावर आधी रडला. मग ठेवून दिला." ती उठली. "आता मी वाईट घरची झाले. तू अजून विचारच करतोयस."

संध्याकाळी मामींना निरोप दिला: शनिवारी येतो, तांबुआ घेऊन येतो, मामांपुढे बोलायचं आहे.

गुरुवार, २१ ऑगस्ट

मामांचा निरोप आला. मामींनी फोनवर वाचून दाखवल्यासारखा सांगितला: "ये. दात आणू नकोस. बहिणीच्या मुलाकडून तांबुआ घेऊन मी त्याला गुन्हेगार ठरवलं, असं माझ्या बहिणीच्या थडग्याशेजारी राहून मला करता येणार नाही."

मी विचारलं, "मामांना संशय आलाय का, मामी? खरं काय ते?"

मागे कोंबड्या ओरडत होत्या. "बार्जवरच्या माणसांनी तुझं नाव चुकीचं उच्चारलं होतं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी ऐकलं. मामांनीही. पण भाच्याचं नाव आल्यावर, खरं का खोटं हे विचारायचं कुणी? विचारलं असतं तर तुझ्यावर अविश्वास झाला असता. उचलताना ते स्वतः पुढे होते."

म्हणजे त्यांना माहीत होतं. चाळीस माणसांना माहीत होतं.

तरी मी तांबुआ नेणार आहे. लितियाही येते आहे. सकाळी सहाची बस, दहापर्यंत धक्का, वारा नसेल तर अकराला गाव. मी दारापाशी बसेन, दात पुढे ठेवेन आणि वाइसालेचं नाव घेईन. मामा हात लावणार नाहीत. मामींनी आजच सांगितलं, चटया धुवून वाळत घातल्यात, डुक्कर बांधून ठेवलंय, बायका खेकडे धरायला गेल्यात. माझं बोलून झालं की मामा नेहमीप्रमाणे विचारतील, भाच्या, जाताना काय नेणार? आणि सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत असेल.